अर्जदार

“पांढरा नको,” अप्पा म्हणाले. “दुसरा कसलाही दे.”

मी रंजूला कडेवर घेऊन त्यांच्या कपाटासमोर उभी होते. आत नऊ शर्ट होते आणि नऊच्या नऊ पांढरे. खाली वेष्ट्यांची, म्हणजे लुंगीसारख्या नेसायच्या धोतरांची चळत, तीही पांढरी. इकडे तमिळ राजकारणात पडलेल्या माणसाला दुसरा रंग नसतो. अप्पांची नगरसेवकी संपून चोवीस वर्षं झाली, पण कपाटाला ते कुणी कळवलं नव्हतं.

“सगळे पांढरेच आहेत, अप्पा.”

“मग श्रीनिधीचा एखादा पाह.”

श्रीनिधी, म्हणजे माझा नवरा, पहाटेच्या कंपनी बसनं ओरगडमला गेला होता. त्याचा निळ्या चौकडीचा शर्ट मी काढून दिला. अप्पांच्या खांद्यांवरून तो दोन्हीकडे ओघळला. त्यांनी बाह्या दुमडत दुमडत कोपरापर्यंत आणल्या आणि आरशासमोर थोडे थांबले. बहात्तर वर्षांचा काटकुळा माणूस, दुसऱ्याचे कपडे घालून परगावी आलेल्या पाहुण्यासारखा दिसत होता.

फोन सहापासून वाजत होता. सगळे अभिनंदनाचे. एकोणीस वर्षांपूर्वी अप्पांनी घातलेल्या अर्जाचा निकाल लागला होता आणि आज नाणलएरीच्या पात्रातली घरं हटवायची होती. एरी म्हणजे तलाव. आमच्या वेलचेरीच्या पलीकडे, लव्हाळ्यांनी भरलेला. एके काळी दीडशे एकर होता म्हणतात, आता पस्तीसही उरला नाही. लोक अप्पांना सेतुमाधव राव म्हणत नाहीत, ‘एरी राव’ म्हणतात. पूर्वी प्रेमानं म्हणायचे, नंतर थट्टेनं, आणि आज सकाळी फोनवर पुन्हा आदरानं म्हणत होते.

“हो हो... नन्री... हो,” आभाराचं एवढंच बोलून अप्पा प्रत्येक फोन ठेवत. संध्याकाळी एका हॉलमध्ये सत्कार ठेवलाय, असं कुणीतरी म्हणालं. अप्पांनी त्यावर ‘पाहूं’ म्हटलं आणि चप्पल शोधायला लागले.

“मी येते,” मी म्हटलं.

“लेंकराला घेऊन? उन्हांत? काय म्हणून?”

श्रीनिधीनं जाताना बजावलं होतं, त्यांना एकटं सोडू नकोस. पण खरं कारण ते नव्हतं. मला अंजलैला बघायचं होतं.

अंजलै नाणलएरीच्या काठची. अप्पांच्या पहिल्या निवडणुकीपासूनची माणूस. माझ्या बाळंतपणात आई मिरजेहून महिनाभर आली आणि माझ्या भावाची बायको पडल्यामुळे परत गेली. रंजू तेव्हा पाच आठवड्यांची. तिच्या अंगावर पाणी घालायचा मला धीर व्हायचा नाही. अप्पांनी दुसऱ्या दिवशी अंजलैला आणून दारात उभं केलं. ती मोरीत पाय लांब पसरून बसायची, रंजूला पालथी पायांवर घ्यायची आणि बोलत बोलत न्हाऊ घालायची. सात महिने, रोज. पैसे पुढे केले तर म्हणायची, “ते तुझ्या मामनारच्या नावावर ठेव, मी एकदम वसूल करीन.” मामनार म्हणजे सासरा. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या दारावर नोटीस लागली आणि दुसऱ्या सकाळी ती आली नाही. तिसऱ्याही नाही. मी चौथ्या दिवशी रंजूला माझ्या पायांवर घेतलं. जमलं. पण मोरीत फार शांतता होती.

एरी चालत जाण्याजोगी, पण उन्हामुळे शेअर ऑटो केली. अप्पा माझ्या शेजारी आक्रसून बसले. रंजूनं त्यांच्या चौकडीच्या शर्टाचं बटण धरलं. एरवी ते तिच्याशी अखंड बोलतात. “काय गे, चोखट अहेस की? उदंड निजलीस की नाही?” असं. तंजावरकडची ही मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू आलं होतं. ‘बोलणं’ला ते ‘चावळणं’ म्हणतात, ‘विचारणं’ला ‘पुसणं’. लग्न होऊन आले त्या दिवशी त्यांनी मला बाजूला बोलावून विचारलं होतं, “तू माझ्याशीं मराठी चावळशील न? कनका गेल्यापासून ह्या घरांत कोणी चावळत नाहीं.” कनका म्हणजे माझ्या सासूबाई. श्रीनिधीला मराठी कळते, पण उत्तर तमिळमध्ये येतं. तेव्हापासून आम्ही दोघं स्वयंपाकघरात आपली मराठी बोलतो, ते त्यांची, मी माझी.

आज ऑटोत ते रंजूशीही चावळले नाहीत.

एरीच्या वळणावर उतरलो. समोर कमानीचा मोठा लग्नाचा हॉल. पात्राच्या अगदी मधोमध, पाण्याच्या वाटेवर बसलेला. त्याच्यासमोर पोलिसांची गाडी होती, पण ती हॉलसाठी नव्हती. पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी दोन पिवळे जेसीबी उभे होते.

गल्लीतली घरं बाहेर आली होती. म्हणजे पलंग, मिक्सर, देवांच्या तसबिरी, गॅसची शेगडी, प्लास्टिकच्या घागरी, सगळं रस्त्यावर. बायका आतबाहेर करत होत्या. अप्पा पुढे झाले, तर कुणी मानही वर केली नाही. चौकडीच्या शर्टात त्यांना कुणी ओळखलंच नव्हतं. मग एका म्हातारीनं डोळे बारीक करून पाहिलं आणि शेजारणीला कोपर मारलं. बातमी गल्लीभर गेली. तरी बायका आपापलं सामान बाहेर काढत राहिल्या. शिव्या द्यायला हव्या होत्या असं मला वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

या गल्लीतल्या प्रत्येक चौकटीवर निळ्या पत्र्याचा नंबर आहे. तो अप्पांनी दिलेला.

ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती, भाजी निवडताना. ते मुळात सर्व्हे खात्यात नकाशे काढायचे. पाणी कुठून कुठे उतरतं, हे त्यांना जमिनीकडे नुसतं बघून कळतं. तलाव बुजताना बघून नोकरीत राहवेना, म्हणून चाळिशीत नोकरी सोडली आणि एका लहानशा पक्षाकडून शहाण्णव साली उभे राहिले. या गल्लीत तेव्हा बावन्न झोपड्या होत्या. बायकांनी आरती ओवाळली, त्यात पहिली अंजलै. बावन्न झोपड्यांच्या जोरावर ते निवडून आले. पहिल्याच उन्हाळ्यात बायका घागरी घेऊन त्यांच्या दारात बसल्या. पाण्याची लॉरी नंबर नसलेल्या वस्तीत येत नव्हती. अप्पांनी ठराव करून घेतला, पत्रे रंगवून आणले आणि स्वतः हातोडी घेऊन घरोघर ठोकले. बावन्न घरं, तलावाला काय होतंय, असं त्यांना वाटलं. नंबर आला म्हणून लॉरी आली. लॉरी आली म्हणून रस्ता आला, रस्त्यामागून वीज आली, विजेमागून कुणीतरी भराव घालून प्लॉट विकले. बावन्नाची साडेतीनशे झाली आणि त्यांच्या मागोमाग तो हॉल आला. पुढे पक्षानं भराव घालणाऱ्यांशीच युती केली तेव्हा अप्पा बाहेर पडले. आमदारकीला दोनदा अपक्ष उभे राहिले. दुसऱ्या वेळी अकराशे बारा मतं पडली. त्यातली कुठली कुणाची, ते त्यांना तोंडपाठ होतं.

मग उरला तो कोर्टातला अर्ज. वकील पद्मनाभन त्यांचे जुने मित्र. ते तेव्हाच म्हणाले होते, राव, अर्जात फक्त हॉल आणि प्लॉटवाले घाला, झोपड्यांचं नाव काढू नका. पण अर्जाला नकाशा जोडायचा होता, आणि नकाशा अप्पांनी काढला होता. “नकाशा अर्धा काढूं?” ते मला म्हणाले होते, जणू मीच वकील. “पात्रांत जें अहे तें अहे.” त्यांनी सगळं दाखवलं. यादीत हॉल पहिला होता. त्यांनी अंजलैला तसं सांगितलंही होतं, की पहिला हॉल जाईल, तुमच्यापर्यंत यायला वर्षं लागतील, तोवर मी तुम्हाला जवळच पक्की घरं मिळवून देतो. ते त्यांना खरंच वाटत होतं.

हॉलला स्थगिती मिळाली. झोपड्यांकडे वकील नव्हता; त्यांच्या वाट्याला आल्या लांब पेरुंबाक्कमच्या सरकारी इमारती.

अंजलै घराच्या ओट्यावर बसून वाटणाचा दगड पोत्यात बांधत होती. साठीची, काळी, उंच, नाकात दोन्हीकडे चमक्या. शेजारी उलट्या ठेवलेल्या बादलीवर तिची नात शरण्या बसली होती. बारावीची. मांडीवर रसायनशास्त्राचं पुस्तक, कानांत बोटं घातलेली. आजूबाजूला घर रिकामं होत होतं आणि ती ओठ हलवत पाठ करत होती.

अंजलैनं अप्पांना पाहिलं आणि नजर सरळ माझ्याकडे वळवली.

“एवढ्या उन्हात घेऊन आलीस? डोक्यावर काही नाही पोरीच्या! इकडे आण.”

रंजू तिच्याकडे झेपावली. अंजलैनं तिला पदराखाली घेतलं, तळवे चाचपले, मान चाचपली. “तेल लावतेस का गं? की नुसतं पाणी ओततेस? ही मान बघ, मळ बसलाय.”

“तू नाहीस ना,” मी म्हटलं. माझी तमिळ मोडकीच.

“मला कुठे वेळ. मला सामान बांधायचंय,” ती म्हणाली. “राव कुठे राहतात विचारलं की लोक माझ्या घराची खूण सांगायचे. आता काय सांगतील?”

अप्पा तिथेच उभे होते, चार हातांवर. ते ऐकत होते, आणि ते ऐकताहेत हे तिला माहीत होतं.

“पेपर किती राहिलेत हिचे?” अप्पांनी विचारलं.

अंजलैनं हनुवटीनं नातीकडे दाखवलं. शरण्यानं कानांतली बोटं काढली. “चार, तात्ता.” आजोबांना म्हणतात तसं तात्ता. आजवर तसंच म्हणत आली होती, बहुतेक सवयीनं निघालं. मग ती ओशाळली आणि परत पुस्तकात बघायला लागली.

खात्याचे इंजिनीयर आले. चाळिशीचे, घामेघूम, डोक्यावर ओला टॉवेल. अप्पांना ओळखायला त्यांनाही वेळ लागला. “सार, तुम्ही? मला वाटलं तुम्ही संध्याकाळी सत्कारालाच याल.” मग त्यांनी अप्पांना कडुनिंबाच्या सावलीत नेलं. मी मागोमाग गेले.

“सार, खरं सांगू? माझाही मुलगा बारावीला आहे. काल रात्री मला जेवण गेलं नाही,” ते म्हणाले. “एक रस्ता आहे. तुम्ही अर्जदार. तुम्ही मला दोन ओळी लिहून द्या, की परीक्षा होईपर्यंत थांबायला अर्जदाराची हरकत नाही. मी ते वर पाठवतो आणि आत्ता गाड्या परत नेतो. महिना तर नक्की मिळेल. पुढचं पुढे.”

अप्पांनी विचारलं, “नुसत्या दोन ओळी?”

“नुसत्या दोन.” त्यांनी वही पुढे केली, पेनही दिलं.

अप्पांनी ते हातात घेतलं नाही. पद्मनाभनना फोन लावला. म्हातारपणामुळे ते फोन मोठा करून बोलतात, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

“राव, शाई लावू नका,” पद्मनाभन म्हणाले. “हॉलवाले नेमकं ह्याचीच वाट बघताहेत. उद्या तोच कागद घेऊन उभे राहतील. अर्जदारच म्हणतो घाई नाही, मग आमच्यावरच कारवाई का? त्यांची स्थगिती कायम होईल आणि प्लॉटवाल्यांनाही मिळेल. ऑक्टोबरात पाऊस आहे. पुन्हा एकोणीस वर्षं आहेत का तुमच्याकडे?”

“नाहींत,” अप्पा म्हणाले. मराठीतच म्हणाले, मग लक्षात येऊन “इल्लै” म्हणाले आणि फोन ठेवला.

इंजिनीयर वही धरून उभे होते. पोलीस बघत होते, गल्लीतल्या बायकाही. काय चाललंय ते कळत नसलं तरी काहीतरी ठरतंय हे सगळ्यांना दिसत होतं. अप्पा माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलले. स्वयंपाकघरात बोलतात तसं, सावकाश. तिथल्या शंभर माणसांत ते कुणालाच कळणार नव्हतं.

“भव्या, तू सांग. काय करूं?”

मला कुणी असं काही आजवर विचारलं नव्हतं. माझी मुलगी अंजलैच्या पदराखाली होती. शरण्याचे ओठ हलत होते.

“द्या लिहून, अप्पा,” मी म्हटलं. “चारच तर पेपर आहेत.”

त्यांची नजर चौकटींवरच्या निळ्या पत्र्यांवर गेली.

“मींहि हेंच केलों होतों,” मग म्हणाले. “तेव्हां पाणी होतं, आतां पेपर अहेत. बायका दारांत बसल्या, मज पाहवेना, मीं नंबर दिलों. त्यांच्यासाठीं दिलों असं म्हणतों मीं. मज बरं वाटावं म्हणून दिलों.” त्यांनी गल्लीच्या टोकाकडे बघितलं. “पंधरा सालच्या पुरांत ह्या गल्लींत पाणी छपरापर्यंत आलं. त्या कोपऱ्यावरचीं दोन लेंकरं गेलीं. बहीणभाऊ. मीं नंबर दिलों नसतों तर तें घर तिथें नसतं. तीं कुठेंतरी दुसरीकडे अस्तीं.”

“अप्पा, ते तुमच्यामुळे नाही.”

“नाहीं कसं? पत्रा मींच ठोकलों.”

ते इंजिनीयरांकडे वळले आणि तमिळमध्ये म्हणाले, “मी लिहून देत नाही.”

इंजिनीयरांनी वही मिटली. त्यांचा चेहरा उतरला आणि थोडा मोकळाही झाला, कारण आता ठरवायचं काही उरलं नव्हतं. जाता जाता ते हळूच म्हणाले, “मी विचारलं होतं हे कुणाला कळणार नाही, सार. माझ्याकडून तरी नाही.”

पण अप्पा निघाले होते, अंजलैच्या ओट्याकडे. त्यांचा बेत माझ्या लक्षात आला आणि मी मोठ्या सुनेसारखी वाट अडवून त्यांच्यापुढे उभी राहिले. “नका सांगू. काय उपयोग? तिला वाटू दे सरकारनं केलं.”

“ती मज पहिलं मत दिली,” अप्पा म्हणाले. “तिला दुसऱ्याकडून कळूं?”

ते ओट्यासमोर उभे राहिले. बसा, असं कुणी म्हटलं नाही. अंजलैनं पोत्याची गाठ मारून दातांनी ओढली.

“अंजलै,” ते म्हणाले, “आत्ता हे थांबवणं माझ्या हातात होतं. एक सही पाहिजे होती. मी दिली नाही.”

तिनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघितलं. मग त्या शर्टाकडे.

“हे काय घातलंस?” ती म्हणाली.

“मुलाचा आहे.”

“मी ओळखीन म्हणून?”

अप्पांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मला कळलं नाही.

“हिचे पेपर होईपर्यंत हिला आमच्याकडे राहू दे,” ते म्हणाले. “माझी खोली देतो. शाळा चालत दहा मिनिटं. पेपर झाले की मी स्वतः आणून सोडतो.”

अंजलै नातीकडे वळली. “ऐकलंस? जातेस?”

शरण्यानं पुस्तक मिटलं, बोट पानात ठेवून. बराच विचार केला तिनं. नाही म्हणताना तिचा आवाज अगदी सभ्य होता. “नको, तात्ता. पेरुंबाक्कमहून पहाटे बस आहे. मी चौकशी केलीय.”

तिनं पुस्तक पुन्हा उघडलं.

“बघ,” अंजलै म्हणाली. तिच्या आवाजात राग यायला हवा होता, पण नातीचा अभिमानच जास्त होता. “एकोणतीस वर्षं आरती ओवाळली तुला. निवडून आलास तेव्हा ओवाळली, पडलास तेव्हाही. लोक म्हणायचे, हा पडणारा माणूस आहे, ह्याला कशाला ओवाळतेस? मी म्हणायचे, हा खोटं बोलत नाही. आज एक दिवस बोलला असतास तर काय बिघडलं असतं, अय्या? सरकारला शिव्या घालत गेले असते मी. आता कुणाला घालू?”

अप्पांनी खाली पडलेली सुतळी उचलून ओट्यावर ठेवली.

तिनं रंजूला पदराखालून काढलं, तिच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि माझ्या हातात दिलं. “घरी जा आता. धूळ उडेल. आणि बेसन लाव मानेला, नुसतं पाणी ओतू नकोस.”

आम्ही गेलो नाही. लॉरी आली तेव्हा अप्पांनी तो वाटणाचा दगड उचलायला हात घातला. मला भीती वाटली, बहात्तराव्या वर्षी एवढं वजन. अंजलैनं अडवलं नाही, मदतही केली नाही. दोघा पोलिसांनी खालून हात लावला, पण वरची बाजू अप्पांनी सोडली नाही. श्रीनिधीचा शर्ट बगलेत उसवला. दगड चढला. मग पलंग चढला, देव चढले, शेगडी, घागरी. शेवटी बायका चढल्या आणि सामानावर बसल्या. शरण्या केबिनच्या पाठीला टेकून बसली, पुस्तक गुडघ्यांवर.

लॉरी सुरू झाली. अप्पा रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. प्रचारात उघड्या जीपमध्ये उभे राहून जोडतात तसे, छातीच्या थोडे वर, दोन्ही कोपरं बाहेर. त्यांना हात जोडायची दुसरी रीत येतच नाही. लॉरीवरच्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. कुणीही हात जोडले नाहीत. लॉरी वळणावरून दिसेनाशी झाली, तरी ते हात तसेच होते. मागे जेसीबीनं पहिली भिंत ढकलली. रंजू दचकून रडायला लागली, तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतले.

संध्याकाळच्या सत्काराला ते गेले नाहीत. शाल आणि फ्रेम केलेलं मानपत्र दोन दिवसांनी कुणीतरी वॉचमनकडे ठेवून गेलं.

पुढे एरीचा गाळ काढला. गल्ली होती तिथे आता काठ आहे आणि काठावर चालायची वाट. पाणकावळे येतात. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात अप्पा नव्हते. हॉल अजून उभा आहे. तारीख लागली की पद्मनाभन फोन करतात, अप्पा त्यांचा पांढरा शर्ट घालून कोर्टात जातात, पुढची तारीख घेऊन येतात. मी एकदा बस धरून पेरुंबाक्कमला गेले, रंजूला घेऊन. इमारतींना नंबर होते, घरांना नंबर होते, माणसं नव्या नंबरांवर नवी होती. अंजलै कामावर गेली होती, कुठे ते शेजारणीला माहीत नव्हतं. शरण्याचा निकाल काय लागला तेही तिला सांगता आलं नाही. दाराच्या कडीला बेसनाची पुडी अडकवून मी परत आले. अप्पांना सांगितलं नाही. त्यांनी पुसलंही नाही.

रोज सकाळी ते एरीला एक फेरी मारतात. फेरी तेवढीच आहे, उलट वाट चांगली झाल्यामुळे चालायला सोपी आहे. पूर्वी त्यांना दोन तास लागायचे. प्रत्येक दारात कुणीतरी थांबवायचं. रेशन कार्डावर नाव चुकलंय, नवरा पितो, मुलीला नर्सिंगला घालू का, कॉफी घेऊनच जा, इडली गरम आहे. साडेआठ व्हायचे. कनका वैतागायच्या म्हणे, यांचं ताट झाकून ठेवून ठेवून.

आता ते साडेसहाला जातात आणि सातला पाच मिनिटं कमी असताना बेल वाजते. रंजू झोपलेली असते. मी दार उघडते. ते चपला काढून, पाय धुऊन स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसतात. मी अजून दूधही तापवायला ठेवलेलं नसतं.

“वेगीं आलों काय?” ते विचारतात.

“नाही, अप्पा,” मी म्हणते आणि गॅस पेटवते.